मूळ बंदर : उलानबातर

फोन आला तेव्हा बाहेर उणे एकतीस होतं,
कोळशाचा धूर शहरावर घोंगडीसारखा बसलेला.
"मॅडम, पाणी संपत आलंय. तेरा माणसं आहोत.
जहाजावर झेंडा तुमचा आहे."

मी ओयुनगेरेल. वाहतूक मंत्रालय, तिसरा मजला, खोली बारा.
माझ्या देशाला समुद्र नाही.
नकाशावर बोट कुठल्याही दिशेला सरकवा,
आधी दुसऱ्याची जमीन लागते.

फाइल मिळाली. पातळ होती.
जहाजाला याआधी चार नावं होती,
आणि आताचं नाव, तो म्हणाला, इतकं पातळ रंगवलंय
की खालची दोन अजून वाचता येतात.
मालक : एक कंपनी. पत्ता : एका बेटावरची टपालपेटी.
विमा तिसरीकडचा, सिमेंट चौथ्याचं,
माणसं सहा देशांची.
झेंडा तेवढा आमचा,
कुण्या एजन्सीने एका दुपारी फी भरून नेलेला.
पावती आहे. पावतीवर घोड्यावरचा स्वार आहे.

तो अर्नुल्फो. इलोइलोचा. दुसरा इंजिनियर.
विषुववृत्ताजवळ कुठेतरी सत्तावन्न दिवस नांगर टाकून.
डेक इतका तापतो की अनवाणी टेकवत नाही.
किनारा दिसतो. रविवारी चर्चची घंटा ऐकू येते.
उतरता येत नाही :
बंदरवाले म्हणतात, तुमचा देश विचारू दे आम्हाला.

मी साहेबांकडे गेले.
डावाझाव साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला.
"तलावात आपली एक बोट आहे," ते म्हणाले,
"उन्हाळ्यात पर्यटक फिरवते.
आता तर तलावच गोठलाय."
नंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत
आणि मला त्यांचा राग आला नाही.

माझे वडील घोडे डागायचे.
तापलेली सळई, चामडी जळल्याचा वास,
आणि मांडीवर कायमचा आमचा चंद्र.
वादळात कळप कुठेही जावो, तीन खोरी ओलांडो,
ज्याचा डाग त्याने शोधायला जायचं.
मेलेला सापडला तरी जायचं.
हे कुठल्या कायद्यात लिहिलं नव्हतं,
म्हणून कुणी मोडलंही नाही.

आम्ही डाग भाड्याने दिला.
घोडा कधी पाहिलाच नाही.

मी मालकाला पत्र लिहिलं, विमावाल्याला, बंदराला.
राज्यचिन्हाचा कागद काढला, जाड, मलईच्या रंगाचा.
शिक्का दाबून मारला, इतका की टेबल हललं.
टपालपेटीकडून पत्र परत आलं,
न फोडलेलं, माझा शिक्का शाबूत.
विमावाल्यांनी आभार मानले.
बंदराने विचारलं, पैसे कोण देणार?

सहाव्या फोनला त्याने विचारलं,
"मॅडम, जहाजाच्या पाठीवर लिहिलंय, मूळ बंदर : उलानबातर.
धक्का मोठा आहे का तिथला?"

काय सांगणार?
खिडकीतून मला एक बर्फाळ नदी दिसत होती,
तिच्यावरून चालत जाणारा एक माणूस, हातात कोबी.
मी खरं ते सांगितलं.
तारेवर खरखर. मग तो हसला,
खोकला येईपर्यंत हसला,
मागे कुणाला तरी त्याच्या भाषेत सांगितलं
आणि तेही हसले, सगळे,
तेरा तहानलेली माणसं माझ्या देशावर हसली
आणि मीही.

संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या पाण्याच्या खोपटासमोर
रांगेत उभी राहिले, वीस लिटरचा कॅन घेऊन.
माझ्या घरात नळ नाही. माझ्या राजधानीत.
कॅनच्या तोंडाशी पाणी लगेच पांढरं झालं.
ते ढकलगाडीवर बांधताना वाटलं,
सरकार म्हणून माझ्याकडे उरलंय काय :
एक शिक्का, जाड कागद,
आणि फोन वाजला की उचलायचा एवढं.

उद्या नऊ वाजता तो पुन्हा करणार आहे.
साडेआठला पोचायला हवं.